पुस्तक फुकट, म्हणून चोरीचं?

रविवारी दुपारी भाच्याचा फोन. ‘मावशी, ते फिजिक्सचं पुस्तक डिलीट केलं मी. पोलीस केस झाली तं?’ पोरगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ते पुस्तक त्याला मीच दिलं होतं. इथे नागपुरात एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. त्याला ज्या मेसेजने घाबरवलं, तो संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन धडकला:

‘ओपन टेक्स्टबुकच्या नावाखाली पायरसी चालू आहे. डाउनलोड कराल तर ३ वर्षं आत! फुकट ते निकृष्टच. मराठीत तर काहीच नाही. आणि सगळं नेटवर असेल तर ग्रंथपालाला पगार कशाचा? सर्व विद्यार्थ्यांना पाठवा.’

आधी तुरुंगाचं बघू. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ खरं आहे. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद होऊ शकते. टेलिग्रामवर फिरणाऱ्या, कडेला कोणाचा तरी अंगठा आलेल्या स्कॅन कॉप्या चोरीच्याच. त्या पेनड्राइव्हवर घेऊन कोणी ‘मॅडम, प्रिंट द्या ना’ म्हणत काउंटरवर आलं, तर मी परत पाठवते.

पण भाच्याकडचं पुस्तक होतं ओपनस्टॅक्सचं ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’, खंड पहिला. ओपनस्टॅक्स म्हणजे अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा उपक्रम. त्याला फाइल ट्रॅशमधून परत काढायला लावली आणि म्हटलं, सुरुवातीची पानं वाच मोठ्याने. कोणी वाचत नाही ती. तिथे परवाना लिहिलेला होता: क्रिएटिव्ह कॉमन्स, ॲट्रिब्युशन ४.०. म्हणजे उतरवून घ्या, छापा, वाटा, भाषांतर करा, हवं तर बदला. फक्त श्रेय द्या आणि बदल केला असेल तर तसं सांगा. हक्क ज्याचा, तोच घेऊन जा म्हणतोय. यात चोरी कुठली?

उलट, फुकट दिसलं की सगळं सारखंच, असंही नाही. ओपनस्टॅक्सच्याच ‘कॅल्क्युलस’वर वेगळी अट आहे: वाटा, पण धंदा करू नका, आणि बदललेली प्रत याच अटींवर द्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, तरी हक्क मंडळाकडेच आहेत; ती बदलून स्वतःची म्हणून वाटता येत नाहीत. मोफत आणि मुक्त यांतला हा फरक पोरांना कोण सांगणार? मेसेज लिहिणाऱ्याला तर तो माहीतच नाही.

आता माझ्या पगाराकडे येते. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुक्त शैक्षणिक संसाधनांबद्दल, म्हणजे अशाच मोकळ्या परवान्याच्या अभ्याससाहित्याबद्दल, शिफारस मंजूर केली. त्यात या कामातल्या भागीदारांच्या यादीत ग्रंथालयांचं नाव स्पष्ट आहे. पण युनेस्को राहू द्या, आमच्या ५३० च्या, म्हणजे फिजिक्सच्या, रॅकपाशी या. फिजिक्सच्या एका पुस्तकाच्या तीन प्रती आणि वर्गात सत्तर पोरं. मागच्या सत्रात फिजिक्सच्या मॅडम आणि मी अभ्यासक्रम पुढ्यात घेऊन बसलो. दोलनांचं युनिट या खंडाच्या पंधराव्या प्रकरणात सापडलं, लाटांचं सोळाव्यात. जे जुळलं नाही तिथे मॅडमनी स्वतःच्या नोट्स जोडल्या आणि त्यांवरही तोच परवाना टाकायला मी त्यांना राजी केलं. त्याला दोन चहा लागले. मग कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद केली, ८५६ या लिंकच्या रकान्यात दुवा भरला, रॅकवर क्यूआर चिकटवला. पहिला क्यूआर चुकला होता, आठवडाभर पोरं ओपॅकच्या, म्हणजे आमच्या ऑनलाइन सूचीच्या, मुखपृष्ठावर जाऊन परत येत होती. ती चूक माझी. पण हे काम ‘नेटवर असतं’ असं म्हणणाऱ्याने एकदा अभ्यासक्रम घेऊन नेटवर बसून बघावं.

निकृष्ट? त्या पुस्तकाचे लेखक आणि मजकूर तपासणारे परीक्षक म्हणून प्राध्यापकांची नावं आत छापलेली आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे ज्या गाईडवर निघतात, त्यावर परीक्षकाचं नाव असतं का, तेवढं बघा.

मराठीबद्दल मात्र मेसेजवाल्याशी अर्धं सहमत व्हावं लागतं, नाइलाजाने. विश्वकोश ऑनलाइन आहे, मराठी विकिपीडिया आहे, पण बीएस्सीच्या पोराला सलग वाचता येईल असं मुक्त परवान्याचं मराठी पुस्तक शोधायला गेलं की हात रिकामे येतात. फरक एवढाच, की छापील पुस्तकाचं भाषांतर करायला प्रकाशकाची परवानगी मागत बसावं लागतं, इथे ती आधीच दिलेली आहे. मॅडमनी पंधराव्या प्रकरणाची चार पानं मराठीत केली आहेत. ‘डॅम्पिंग’ला, म्हणजे दोलन हळूहळू मंदावण्याला, ‘अवमंदन’ ठेवायचं की ‘डॅम्पिंग’च, यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

भाच्याने शेवटी विचारलं, ‘मंग ग्रुपवर टाकू का?’

टाक म्हटलं. फक्त परवान्याचं पान काढू नको.