महागड्या बॅटने टीटी सुधारत नाही: एका फिरत्या मेसेजला उत्तर

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या टीटी (टेबल टेनिस) ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, ‘3 महिन्यांत गेम बदला’. त्यात पाच सल्ले आहेत. कार्बनची बॅट घ्या. प्रत्येक चेंडू जोरात मारा. सर्व्हिसच्या सरावात वेळ घालवू नका. लाँग पिंपल, म्हणजे लांब दाण्यांचं रबर वापरणाऱ्यांशी खेळू नका, ती फसवणूक आहे. आणि तिशी ओलांडली असेल तर सुधारण्याची आशा सोडा. हे वाचून पालक मुलांसाठी हजारो रुपयांच्या बॅटी मागवायला लागलेत, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

आधी बॅट. कार्बनच्या थरामुळे ब्लेड, म्हणजे रबराखालची फळी, कडक होतं आणि चेंडू बॅटवरून लवकर सुटतो. ज्याचा स्ट्रोक पक्का बसलाय त्याला हा वेग कामी येतो. पण ज्याची बॅट अजून दर चेंडूला वेगळ्या कोनात येते, त्याचा साधा ब्लॉकही, म्हणजे नुसता अडवलेला चेंडूही, टेबलाबाहेर जातो. मग पोरगा घाबरतो आणि हात आखडून खेळायला लागतो. नुकसान होतं ते इथे. टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, चेंडूला घासून निघते, आणि घासायचं तर हात मोकळा, वेगात चालावा लागतो. बॅट संथ असली की असा हात बिनधास्त चालवता येतो. पाच थरांचं साधं लाकडी ऑलराउंड ब्लेड आणि दोन्ही बाजूंना 1.8 ते 2 मिलिमीटर स्पंजचं चांगल्या पकडीचं रबर, एवढ्यावर सुरुवातीची काही वर्षं निभतात.

साहित्याला महत्त्व नाही, असं मात्र मी म्हणत नाही. दुकानात लटकणाऱ्या स्वस्त रेडीमेड बॅटचं रबर बहुतेकदा इतकं गुळगुळीत असतं की त्यावर फिरकी शिकताच येत नाही. पैसे खर्च करायचेच तर रबरावर करा आणि ते जपा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅट राहिली तर रबर लवकर निकामी होतं आणि कडेने सुटायला लागतं. धूळ तर बारा महिने असते. खेळून झालं की ओल्या स्पंजने रबर पुसायचं, वर प्लास्टिकची फिल्म लावायची आणि बॅट घरात ठेवायची. एवढं केलं तरी बॅट कितीतरी वेगळी वागते.

‘जोरात मारा’ हा सल्ला उंच आलेल्या चेंडूपुरता ठीक आहे. टेबल 2.74 मीटर लांब, जाळी 15.25 सेंटिमीटर उंच. जाळीच्या खाली उतरलेला चेंडू सपाट आणि जोरात मारला तर तो जाळीत तरी जातो, नाहीतर पलीकडे तरी. टॉपस्पिन असेल तर तोच चेंडू जाळीवरून जाऊन खाली वळतो आणि टेबलावर पडतो. म्हणजे जोर लावण्याआधी फिरकी आली पाहिजे.

सर्व्हिसबद्दलचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. 11 गुणांच्या गेममध्ये दोन-दोन सर्व्हिस आलटून पालटून येतात, म्हणजे जवळपास निम्मे पॉइंट तुमच्या हातून सुरू होतात. समोरच्याचा अजिबात दबाव नसलेला हा एकमेव फटका, आणि त्याच्या सरावाला जोडीदारही लागत नाही. तालुक्याच्या गावी, जिथे कोच नाही आणि खेळायला दोन-तीनच जण येतात, तिथे तर हेच सगळ्यात मोठं भांडवल. बादलीभर चेंडू घ्या आणि हॉलचे पंखे बंद असताना सुरू करा, कारण 2.7 ग्रॅमचा चेंडू वाऱ्याने सहज हलतो. चेंडू उघड्या तळहातावरून किमान 16 सेंटिमीटर वर गेला पाहिजे आणि समोरच्याला सतत दिसला पाहिजे.

आधी एकच जोडी पक्की करा: बॅकस्पिन (उलटी फिरकी) आणि बिनफिरकी, दोन्ही एकाच हालचालीतून. बॅटच्या टोकाजवळ चेंडू खालून घासला तर फिरकी भरपूर येते, मुठीजवळ लागला तर जवळजवळ नाही. सर्व्हिस आखूड ठेवा, समोरच्याने सोडली तर पलीकडच्या बाजूला दोन टप्पे पडतील इतकी. बॅकस्पिनवर समोरून बहुतेकदा पुश (चेंडूखालून हलकेच ढकललेला फटका) येतो, त्यावर टॉपस्पिन करायची तयारी आधीच ठेवा. बिनफिरकीचा चेंडू समोरच्याने पुश केला तर तो उंच उठतो, तो मारा. रिसीव्ह करताना सर्व्हिस करणाऱ्याच्या हाताचे हावभाव बघू नका, बॅट चेंडूला लागते तो क्षण बघा. रिटर्न जाळीत गेला तर पुढच्या वेळी बॅट थोडी उघडा, म्हणजे तिचं तोंड वर करा, उंच उठला तर थोडी मिटा, म्हणजे खाली झुकवा.

लाँग पिंपल ही फसवणूक नाही. मान्यताप्राप्त यादीतलं रबर नियमात बसतं. भारताच्या मनिका बत्राने बॅकहँडला लाँग पिंपल लावूनच 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकलं. मॅचआधी समोरच्याची बॅट हातात घेऊन बघण्याचा तुम्हाला हक्क आहे, तो वापरा. कुठल्या रंगाच्या बाजूला पिंपल आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी भीती जाते. हे रबर चेंडू फारसा पकडत नाही, त्यामुळे तुमचीच फिरकी उलटून येते. जोरदार टॉपस्पिन केलात तर बॅकस्पिन परत येईल, तुम्ही कट केलात, म्हणजे बॅकस्पिन दिलीत, तर हलकी टॉपस्पिन. तिथे बिनफिरकीची लांब सर्व्हिस टाका आणि घाई करू नका.

राहिलं वय. भारताच्या शरत कमलने 2022 मध्ये, वयाच्या 40 व्या वर्षी, राष्ट्रकुल एकेरीचं सुवर्ण घेतलं. लक्झेंबर्गच्या नी शिया लियान यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 61 व्या वर्षी सामना जिंकला. हे व्यावसायिक खेळाडू आहेत, त्यांच्याशी आपली बरोबरी नाही. पण नी यांचा खेळ पाहा: पळणं कमी, चेंडूची जागा अचूक. पन्नाशीच्या काकांना हे शिकता येतं. समोरच्याच्या खेळत्या हाताच्या कोपरावर चेंडू टाका. फोरहँड घ्यावा की बॅकहँड हे ठरवण्यात त्याचा वेळ जातो, आणि आलेला सैल चेंडू मारायला पळावं लागत नाही.