राहू दे, मी बघतो

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. छोटा म्हणजे तीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं, एक म्हातारी लेथ, सात कामगार आणि मी. सात जणांचे पगार मी करतो आणि सात जणांची कामंही मीच करतो.

हे शेवटचं वाक्य माझ्या बायकोचं. डॉक्टरांसमोर, माझ्या दंडाला पट्टा गुंडाळलेला असताना तिनं ते ऐकवलं. पारा 160 वर होता, ते ऐकून आणखी चढला असणार.

"कामं वाटून देत जा," डॉक्टर म्हणाले.

"देतो की."

"देतात," ही म्हणाली, "आणि मग दिलेल्या कामाच्या मागोमाग स्वतः चालत जातात."

यात माझा दोष आहे, पण सगळा नाही. मी मूळचा टर्नर, सातपूरच्या आयटीआयचा. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा आमचा संस्कार. आम्ही जे बुश, म्हणजे आरपार भोकाची धातूची नळकांडी, करतो त्याचं भोक 25 मिलिमीटरचं, आणि वर सूट फक्त 21 मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं इकडेतिकडे झालं की माल भंगारात. अशा हिशोबात ज्याची 25 वर्षं गेली त्यानं झाडूवाल्या मावशींना "मावशी, तुमच्या पद्धतीनं झाडा" कसं म्हणायचं?

गंमत अशी, की माझं पोटच दुसऱ्यांनी कामं सोपवण्यावर चालतं. मोठ्या कंपनीला बुश स्वतः करायचे नसतात म्हणून तर ती मला जॉबवर्क देते. ड्रॉइंग पाठवते, तारीख सांगते आणि विसरून जाते. त्यांचा माणूस वर्षातून एकदा ऑडिटला येतो, चहा घेतो, आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख बघतो आणि जातो. माझ्या खांद्यावरून कुणी डोकावत नाही. आणि मी?

आमच्या काही पार्टना झिंक प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा, लागतं. ते दोन गल्ल्या सोडून एकाकडे होतं. जीएसटीचा नियम असा, की जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. वर्ष! मी अकरा वाजता चलन फाडतो आणि साडेअकराला प्लेटिंगवाल्याच्या दारात हजर असतो. माल टाकीत बुडालेला, वरून काही दिसत नाही, वाफेनं डोळे चुरचुरतात. तरी मी बघत उभा. पुढे पुढे त्यानं माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. गेल्या दिवाळीला त्याच्याकडून मिठाईचा पुडा मिळाला, तो गिऱ्हाईक म्हणून नव्हे. स्टाफच्या रांगेत उभा राहून मिळाला.

हिशोबाचंही तेच. जीएसटीची रिटर्न भरायची, 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 ला 3बी, म्हणून एक अकाउंटंट ताई ठेवल्या. आठवड्यातून तीन दिवस येतात. पहिल्याच महिन्यात 10 तारखेला रात्री मी त्यांची सगळी बेरीज पुन्हा केली. चारशे रुपयांचा फरक आला. सकाळी विजयी मुद्रेनं कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी दोन मिनिटांत माझी चूक शोधली. "तपासून घेतलेलं बरं असतं," मी म्हणालो. कुणाचं तपासून, ते मोघमच ठेवलं.

मग एका संध्याकाळी आम्ही काळारामाला गेलो. दुसऱ्या शिफ्टवाल्या पोराला दर्शनाच्या रांगेतून मी चौथा फोन लावला, कूलंट टाकलंस का म्हणून. ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, रामालासुद्धा इथंच पंचवटीत धडा मिळाला."

"कसला?"

"हरणामागे मालक स्वतः धावला. राखणीचं काम लक्ष्मणाला दिलं. लक्ष्मणानं ते एका रेषेला दिलं. व्हायचं ते झालं." रांग दोन पावलं पुढे सरकली. "पुढे बघा मात्र. शोधायला चारी दिशांना वानर धाडले, महिन्याची मुदत, अंगठी हनुमानाच्या हातात दिली, आणि राम थांबला जागेवर. एकदा तरी विचारलं का, समुद्राशी पोचलास का म्हणून?"

"तेव्हा मोबाईल नव्हते."

मागच्या आजी खुदकन हसल्या. कुणाच्या बाजूनं, ते मला न बघताही कळलं.

माझा हनुमान म्हणजे आमचा दिंडोरीकडचा एक ऑपरेटर, वय बावीस. आणि अंगठी म्हणजे गो–नो गो गेज. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दोन टोकांचा पोलादी दांडा. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. पहिलं गेलं, दुसरं अडलं, माल पास. ना वाचन, ना अंदाज, ना शेठला हाक. थोडक्यात, मालकाची गरज पडू नये म्हणूनच कुणीतरी शोधून काढलेली वस्तू. आमच्याकडे ती कपाटात होती. किल्ली माझ्याकडे.

मशिन लावून देणारा आमचा सेटर, त्याच्या आग्रहानं अखेर ती बाहेर काढली आणि पोराच्या हातात दिली. देण्याआधी मायक्रोमीटरनं मोजली. तीनदा. "दर पाचवा नग तपासायचा. नापास झाला तर मागचे चारही बघायचे. नापास माल लाल बिनमध्ये. मला विचारायचं नाही," असं मी म्हणालो. हे वाक्य बोलून झाल्यावर पाणी प्यावं लागलं.

तीन दिवस मी बिनजवळ फिरकलो नाही. चौथ्या दिवशी रात्री जेवून पाय मोकळे करायला म्हणून निघालो आणि पाय इंदिरानगरहून थेट अंबडला पोचले. स्कूटरवरून. पोरगा डबा खायला गेला होता, मशिन उभं होतं. शेवटचा नग मोजला: 25.004. पास होता. पण जरा काठावरचा पास. म्हटलं, एवढंसं वाढवून मधोमध आणू. ऑफसेटमध्ये, म्हणजे मशिनचं माप किंचित सरकवायच्या आकड्यात, 0.005 घातले आणि कुणाच्या नजरेला पडायच्या आत घरी येऊन शांत झोपलो.

सकाळी लाल बिनमध्ये पाच बुश. नो-गोचं टोक त्यांच्यात असं आत जात होतं जसं मामाच्या घरी भाचा. मी सगळ्यांना गोळा केलं. मशिन बंद, चहा बंद. "ऑफसेट कुणी बदलला? हे कुणाचं काम आहे?" सात जण आपापल्या बुटांकडे बघत होते. सेटर तेवढा स्क्रीनकडे बघत होता.

"शेठ, 0.05 टाकलंय कुणीतरी. एक शून्य कमी पडलंय. चष्मा नसेल बहुतेक त्याचा."

चष्मा माझ्या गळ्यात लोंबत होता. रात्रीही तिथंच होता.

"करंट वर-खाली झाला असेल," मी म्हणालो.

सातही जणांनी माना डोलावल्या. करंट वर-खाली झाल्यानं आकडा बरोबर दहापट होत नाही, हे त्या सातही जणांना ठाऊक होतं. पोरगा तर इतक्या सहानुभूतीनं डोलावत होता की मला त्याची पगारवाढ रोखावीशी वाटली. नंतर ती दिली, ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी मशिनच्या पॅनेलला लॉक होतं आणि किल्ली जागेवर नव्हती.

"सेटरकडे आहे," पोरगा म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होता ना शेठ, जबाबदारी द्यायची."

ते पाच बुश मी भंगारात टाकू दिले नाहीत, डिकीत घालून घरी आणले. दोन आता ओट्यावर आहेत. त्यांच्यामध्ये मोबाईल उभा करून ही रेसिपी बघते. एक बाल्कनीच्या दाराला, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. उरलेले दोन परत ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवले. परवा पंखा फुल होता, कागद उडायला लागले, म्हणून अकाउंटंट ताई त्यातला एक उचलून बिलांवर ठेवायला गेल्या.

"राहू द्या ताई," मी म्हणालो, "मी ठेवतो."