आपल्या घरची आठ मतं
घरच्या ग्रुपवर भावजींनी परत तेच लिहिलं: "बायकांनी दीड हजाराला मतं विकली." 2024 ची विधानसभा कधीच होऊन गेली, पण भावजींची लाडकी बहीण काही संपत नाही. खाली तिघा पुरुषांचे अंगठे. जाऊबाई नेहमीप्रमाणे गप्प.

मी उत्तरादाखल न्यूझीलंडच्या दहा डॉलरच्या नोटेचा फोटो टाकला. क्राइस्टचर्चमध्ये एकोणीस वर्षं काढल्यावर एवढी मिजास चालते. "या आजी कोण?" पुतण्यानं विचारलं.

या केट शेपर्ड. जन्म लिव्हरपूलचा, तरुणपणी इथं आल्या, इथल्याच एका दुकानदाराशी लग्न केलं. दारूविरोधी बायकांच्या संघटनेत 1887 पासून बायकांना मताचा अधिकार मिळवायचं काम यांच्याकडे होतं. गुत्त्यांविरुद्ध कितीही अर्ज करा, मतच नाही त्या बाईचा अर्ज वाचतो कोण? भावजी, आपल्याकडची आडवी बाटली आठवा. गावातल्या निम्म्याहून जास्त बायका आडव्या बाटलीच्या बाजूनं उभ्या राहिल्या की दारूचं दुकान बंद. तिथं बाईची अक्कल चालते, मग विधानसभेलाच कशी गहाण पडते?

केटबाईंनी 1891 ला सह्या गोळा केल्या, 1892 ला केल्या, 1893 ला परत केल्या. शेवटच्या खेपेला जवळजवळ 32,000. मुख्य अर्जाचे कागद एकाला एक डकवून झाडूच्या दांड्याला गुंडाळले होते. खासदार सर जॉन हॉल यांनी ती गुंडाळी सभागृहात सोडली, ती घरंगळत पार टोकाच्या भिंतीला जाऊन धडकली. पावणेतीनशे मीटरच्या आसपास कागद! तेव्हाही पुरुष म्हणतच होते, की बाई नवरा सांगेल तिथंच मत टाकणार. वरच्या सभागृहात विधेयक 20 विरुद्ध 18 नं निघालं, तेही पंतप्रधान सेडन यांच्या उचापतींवर चिडून दोघा विरोधकांनी बाजू बदलली म्हणून. 19 सप्टेंबर 1893 ला गव्हर्नरची सही झाली आणि इथल्या बायकांना मत मिळालं.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाकलं. निवडणुकीला उभं राहायला मात्र इथल्या बायकांना 1919 उजाडलं आणि पहिली बाई संसदेत गेली ती 1933 ला, हे टाकलं नाही. भावजींच्या हातात कशाला कोलीत द्या.

आणि एक गोष्टही टाकली नाही. 2004 ला मिरजेत मी पहिलं मत दिलं. आदल्या रात्री जेवताना मामंजी म्हणाले होते, "आपल्या घरची आठ मतं एकगठ्ठा जायला पाहिजेत." आठवं माझं. बटण दाबताना उमेदवाराचं नावसुद्धा वाचलं नाही, चिन्ह तेवढं बघितलं. दीड हजार सोडाच, फुकटात दिलं.

इथं शाळेच्या हॉलमध्ये पडद्याआड उभी राहते तेव्हा कोणी काही सांगितलेलं नसतं. मागच्या वेळी मी किती तरी वेळ पेन हातात धरून नुसती उभी होते. परतताना गाडीत ह्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच असावं. घर मात्र फार शांत वाटलं.

काल भावजींनी वेगळाच फोटो पाठवला. वॉर्डाची मतदार यादी, एका ओळीवर लाल गोल. माझं नाव, पुढं ह्यांचं नाव, वय तेवढं वाढत गेलेलं. "वहिनी, तुमचं मत इथं अजून शाबूत आहे हां!"

इथलं नागरिकत्व, हा काळा पासपोर्ट घेतला तेव्हाच ते गेलं. नाव कमी करायला सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो, तो मी डाउनलोड करूनही ठेवलाय. भावजींना नुसता हसरा चेहरा पाठवला.