‘शेती न करण्याचा पगार’: आधी करार तर वाचा

व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येणारा दावा असा: अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला शेती न करण्याचे पैसे देतं. जमीन पडीक टाका, घरी बसा, चेक येतो; कुणालाही, कुठल्याही जमिनीवर, एकरी घबाड; जमीन मात्र शेतीतून कायमची गेली; सगळं धान्याचे भाव चढे ठेवायला. हे बोललं जातं ते १९८५ च्या कायद्यातल्या कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅमबद्दल, म्हणजे सीआरपीबद्दल. या योजनेत मालक करार करून शेत पिकाखालून काढतो, त्यात बहुधा गवत लावतो आणि सरकार त्याला दरवर्षी खंड देतं.

‘भाव चढे ठेवायला.’ हा दावा जुना आहे आणि तेव्हा तो खोटा नव्हता. १९८३ मध्ये पेरा घटवणाऱ्यांना सरकारी साठ्यातलं धान्यच मोबदला म्हणून दिलं गेलं. सीआरपी आली तेव्हाही पिकांचा साठा कमी करणं हा तिचा एक हेतू होता. पण दरवर्षी पेरा घटवायच्या योजना १९९६ च्या कायद्याने बंद केल्या. सीआरपीच्या सर्वसाधारण नोंदणीत आता अर्जांना गुण मिळतात: जमिनीची धूप, पाणी, वन्यजीव, हवा आणि सरकारला येणारा खर्च यांवर. गुण कमी पडले तर अर्ज परत.

‘घरी बसा.’ बसून बघाच. करारासोबत संवर्धन आराखडा येतो आणि त्यात बहुधा स्थानिक गवतांचं मिश्रण पेरायचं असतं. काही गवतांचं बी इतकं कुसाळ असतं की साध्या पेरणीयंत्रात अडकून बसतं. ते ढवळणारी पेटी असलेलं खास यंत्र लागतं. पेर पाव ते अर्धा इंच खोल, त्याहून खाली गेलं तर उगवतच नाही. रान भुसभुशीत असलं की बी हमखास खोल जातं, म्हणून आधी रान दाबून घट्ट करायचं. बियाण्याचं प्रमाण पोत्याच्या वजनावर नव्हे, शुद्ध आणि जिवंत बियांवर मोजायचं. पहिल्या वर्षी तण गवताच्या डोक्यावर जातं, मग रोपांच्या वरून कापणी. तीही पक्ष्यांच्या विणीच्या काळात मनाला येईल तशी करता येत नाही. गवत नीट बसायला दोन-तीन वर्षं लागतात. मान्य खर्चापैकी निम्म्यापर्यंत सरकार देतं, बाकी मालकाच्या खिशातून.

‘कुणीही, कुठलीही जमीन.’ २०१८ च्या कायद्यानुसार २०१२ ते २०१७ या सहांपैकी चार वर्षं त्या जमिनीत पीक घेतलेलं हवं. अर्जदाराची मालकी साधारण वर्षभर जुनी हवी.

‘एकरी घबाड.’ २०१८ पासून सर्वसाधारण नोंदणीत काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोरडवाहू जमिनीच्या सरासरी खंडाच्या ८५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. मातीच्या कसानुसार आकडा खालीही येतो. समजा खंड एकरी ६० डॉलर. मग कमाल ५१, आणि १६० एकरांचे वर्षाला ८,१६० डॉलर. पाच हप्ते घेऊन सहाव्या वर्षी करार मोडून नांगर घातला तर मिळालेले ४०,८०० डॉलर व्याजासह परत, गवतासाठी मिळालेली मदतही परत, वर एका वर्षाच्या रकमेचा चौथा हिस्सा, म्हणजे २,०४०, भरपाई.

‘जमीन कायमची गेली.’ करार १० ते १५ वर्षांचा. २००७ मध्ये योजनेत ३ कोटी ६८ लाख एकर होते; मक्याचे भाव चढले तसे मुदत संपलेले अनेक करार शेतकऱ्यांनी पुन्हा केले नाहीत. दुष्काळात चाऱ्यासाठी कापणी-चराईची परवानगीही मिळते.

खरा आक्षेप मात्र या मेसेजमध्ये नाहीच. चेक बहुधा जमीनमालकाला मिळतो, आणि हा मालक दूरच्या शहरात राहणाराही असू शकतो. खंडाने कसणाऱ्याला मग दुसरी जमीन शोधावी लागते, आणि गावातल्या बी-खत-डिझेल विकणाऱ्याचं गिऱ्हाईक घटतं. म्हणूनच काउंटीतल्या पीकजमिनीच्या २५ टक्क्यांहून जास्त जमीन सहसा योजनेत घेतली जात नाही. पण ही मर्यादा काउंटीची आहे. एखाद्या गावाभोवतीचीच शेतं एकगठ्ठा गेली तर ती तिथे कामी येत नाही.