‘एका क्लिकचं काम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बिघडलेला ग्रब, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोज की लिनक्स हे निवडायचा मेन्यू दाखवणारा प्रोग्रॅम, दुरुस्त कसा करायचा, या माझ्या लेखाखाली परवा रात्री तुमची प्रतिक्रिया आली. इतरांसाठी ती थोडक्यात देतो. “लेख वाचून हसू आलं. हल्ली हे एका क्लिकचं काम आहे, टूल चालवा आणि मोकळे व्हा. सुरुवातीच्या तपासणीच्या पायऱ्या तर उगाचच. नवख्यांना टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) दाखवून घाबरवण्यात काय मिळतं?” शिवाय तीन त्रुटी: एनव्हीएमई (नव्या, वेगवान प्रकारच्या) डिस्कची नावं नाहीत, एन्क्रिप्टेड (पासवर्डने कुलूपबंद) डिस्कचा उल्लेख नाही, फेडोरा या लिनक्समध्ये या कमांड चालत नाहीत.

पहिली त्रुटी मान्य. मी सगळीकडे एसडीए हे साध्या डिस्कचं नाव लिहीत गेलो. एनव्हीएमई डिस्क असेल तर नाव वेगळं असतं आणि पार्टिशनच्या (डिस्कच्या भागाच्या) आकड्याआधी ‘पी’ येतो. चूक माझी. कालच दुरुस्त केली, आणि एलएसबीएलके ही डिस्कांची यादी दाखवणारी कमांड चालवून नाव कसं बघायचं तेही घातलं. एन्क्रिप्टेड डिस्क हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. फेडोराचं म्हणाल, तर लेखाच्या पहिल्याच ओळीत ‘उबुंटू आणि मिंटसाठी’ (लिनक्सचीच दुसरी रूपं) असं लिहिलंय. ती ओळ तुम्ही वाचलेली दिसत नाही.

आता ‘हसू आलं’बद्दल. चूक दाखवा, दहा वेळा दाखवा, मी दुरुस्त करीन. पण हा लेख लिहिण्याआधी तीन संध्याकाळी बसून मी एका जुन्या मशीनवर मुद्दाम ग्रब मोडला आणि प्रत्येक पायरी करून पाहिली. त्याला हसणं म्हणजे टीका नव्हे. पोस्टाने फुकट आलेल्या सीडीवरून उबुंटू टाकायचो, तेव्हापासून मी यात आहे. 2009 मध्ये उबुंटू 9.10 आलं, नव्या इन्स्टॉलमध्ये ग्रब-2 आला, आणि मेन्यू डॉट एलएसटी ही जुन्या ग्रबची फाइल हाताने बदलायची सवय असलेल्या आम्हा सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. तेव्हाही कुणी कुणाला हसलं नव्हतं.

आणि ते एक क्लिक. 2017 च्या लग्नसराईत माझ्या मामेभावाचं मिरजेतलं डीटीपीचं दुकान ऐन कामात होतं. मशीनवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही. विंडोज नव्याने टाकलं आणि उबुंटूचा मेन्यू गायब. पत्रिकांच्या सगळ्या फाइली उबुंटूत. त्याने लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून उबुंटू थेट चालतं) लावला, तुम्ही म्हणता तसलंच एक टूल उतरवलं आणि क्लिक केलं. ‘यशस्वी’ असा मेसेज आला. रीस्टार्ट केलं, तर सरळ विंडोज. पुन्हा क्लिक, पुन्हा यशस्वी, पुन्हा विंडोज. रात्री साडेअकराला मला फोन. आवाज रडवेला झालेला.

मी त्याला फोनवर एकच गोष्ट टाइप करायला लावली: एलएस (फोल्डरमध्ये काय आहे ते दाखवणारी कमांड), आणि पुढे सिस, फर्मवेअर, ईएफआय हा पाथ. उत्तर आलं, असा फोल्डरच नाही. म्हणजे पेनड्राइव्ह लेगसी मोडमध्ये (मशीन सुरू करायच्या जुन्या पद्धतीत) सुरू झाला होता आणि विंडोज होतं युईएफआयमध्ये (नव्या पद्धतीत). टूलने इमानदारीने लेगसी मोडचा ग्रब बसवला होता, पण फर्मवेअर (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) तिकडे बघतच नव्हतं. ते ईएफआय पार्टिशनवरची फाइल उघडतं, तीही आपल्या बूट-यादीतल्या क्रमाने. मशीन सुरू होताना एफ-12 दाबल्यावर तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातल्या एका नावाआधी ‘युईएफआय’ असतं. ते निवडायला सांगितलं. मग उबुंटूचं रूट (मुख्य) पार्टिशन माउंट (म्हणजे जोडणं), त्यात ईएफआय पार्टिशन माउंट, डेव्ह-प्रॉक-सिस-रन बाइंड (हे फोल्डरही तिथे जोडणं), चरूट (त्या उबुंटूच्या आत शिरणं), ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब. वीस मिनिटं लागली. टर्मिनल त्याने आयुष्यात पहिल्यांदा उघडलं होतं आणि तो घाबरला नाही. घाबरला होता तो ‘यशस्वी’ वाचून काहीच न झाल्यामुळे.

दोष टूलचा नव्हता. पण कुठल्या मोडमध्ये आहोत हे ज्याला माहीत नाही, त्याने क्लिक कितीही वेळा केलं तरी व्हायचं तेच होणार. विंडोज टाकल्यावर पुष्कळदा तर ग्रबच्या फाइली जागच्या जागी शाबूत असतात, फक्त विंडोजची नोंद यादीत वर गेलेली असते. तिथे ईएफआयबूटएमजीआर या कमांडने क्रम बदलला की झालं, काही नव्याने बसवायचं नसतं. हे कळतं ते तुम्ही ‘उगाच’ म्हणालात त्या तपासणीतूनच.

नवख्यांना मी घाबरवतो, हा आरोप मला लागला, हे लपवत नाही. लेखाखाली कितीतरी नवख्यांचे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला मी उत्तर दिलंय. तुम्ही त्यातल्या एकाला तरी मदत केली असती, तर तुमचं म्हणणं मी वेगळ्या मनाने ऐकलं असतं.

टूलची माहिती लेखाच्या शेवटी जोडतोय, मोड तपासूनच वापरा या सूचनेसकट. तो फोल्डर बघायची पायरी मात्र पहिल्याच जागी राहील. ती मिरजेच्या त्या रात्रीतून आली आहे, ती मी काढणार नाही.