घराची कळा

सकाळी सहाला सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या दाराचा फोटो आला. नवऱ्याचे ऑफिसचे बूट, त्यात कोंबलेले मोजे, चिरंजीवांचे चिखलाने लडबडलेले फुटबॉलचे बूट आणि जोडीदार हरवलेली एक रबरी स्लिपर. खाली मजकूर: ‘हे दृश्य कोणत्या मजल्यावरचे, हे सांगणे न लगे.’ पुढे जोडलेले हात.

छायाचित्रकार म्हणजे तळमजल्यावरचे काका. डॉक्टरांनी त्यांना जिने चढायला मनाई केली आहे, पण समाजासाठी ते चढतात. नेरूळहून ठाण्याची लोकल गाठायला मी धावत उतरत होते, तर काका दुसऱ्या मजल्यावर ओणवे होऊन कुणाचं तरी पायपुसणं उलटून बघत होते. मोबाइलचा टॉर्च लावून.

“वहिनी, रागावलात?”

“छे हो काका.” (रागावलेच होते.)

“मी कुणाचं नाव घेत नाही, हां. तुमच्या दारावरची पाटी फोटोत आली, तो पाटीचा दोष.”

मग त्यांनी मला थांबवून आख्खी इमारत वाचून दाखवली. “हे पायपुसणं बघा. वरून स्वच्छ, खालून वाळू. माणसंही तशीच. सात नंबरच्या दारात तुळस सुकलीय. सुकलीय! आणि म्हणे मुलगा अमेरिकेत. नऊ नंबरला दुधाची पिशवी आठपर्यंत कडीला लटकते. आठपर्यंत! मी रोज बघतो.”

“तुम्ही सहालाही बघता आणि आठलाही?”

“मध्ये एकदा सातला. घराची कळा अंगण सांगते, वहिनी.”

अहो, पण अंगण आहे कुठे? १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली, नोड म्हणजे वसाहती आखल्या, ऐसपैस स्टेशनं बांधली, आणि आमच्या वाट्याला आला जिन्याचा चटईएवढा तुकडा. त्यात कळा दाखवायची तरी कुठे? बरं, शहरालाही हाच सोस. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आली, मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. सर्वेक्षण जवळ आलं की भिंती रंगतात आणि त्यावर फ्लेमिंगो उतरतात. खरे फ्लेमिंगो मात्र टी. एस. चाणक्य या नेरूळच्या नौकानयन संस्थेच्या मागे चिखलात पाय रोवून उभे असतात, त्या चिखलातलंच शेवाळ खाऊन गुलाबी होतात. फोटो त्यांचेही काढतात लोक, पण कौतुकाने.

आणि काकांच्या घरात आजवर कुणी डोकावलेलं नाही. वर्गणीला गेलं तरी दार वीतभरच उघडतं, त्या फटीतून रद्दीचे गठ्ठे आणि एक उलटा पंखा दिसतो. उंबऱ्याबाहेर मात्र ठिपक्यांची रांगोळी. काकू काढतात, पहाटे उठून.

“तुमचीही चूक नाही म्हणा,” काका मायेने म्हणाले. “बाई नोकरीला जाते हे दारावरूनच कळतं.”

इथे माझं डोकं सटकलं. त्या फोटोत माझं एकही पायताण नव्हतं. माझे सँडल आतल्या रॅकवर असतात, पुसून. नऊ मापाचे बूट घालून मी ऑफिसला जात नाही, की फुटबॉल खेळत नाही. तरी पसारा कुणाच्याही पायातला असो, गबाळी म्हणून नाव माझं. आणि बुटांच्या मालकाने ग्रुपवर त्या फोटोला काय द्यावं? अंगठा. पलंगावर पडल्या पडल्या.

“काका, हे बूट यांचे आहेत. यांना सांगा ना.”

“पुरुषांना काय सांगायचं?” काका हसले. “पण विषय गंभीर आहे, रविवारच्या मीटिंगमध्ये घेतलाय. जिन्यातील चपला, विषय क्रमांक चार.”

“येते की मग मी. बोलतेच.”

“तुम्ही कशाला धावपळ करता? मिस्टरांना पाठवा. हिशेबाचेही विषय आहेत.”