चेनसॉच्या बारला तेल न पोहोचण्याविषयी खुलासा

‘चेनसॉच्या (लाकूड कापणाऱ्या यांत्रिक करवतीच्या) बारला (ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते तिला) तेल मिळत नसेल तर ऑइल पंप गेला असे समजावे आणि नवा येईपर्यंत टाकीत गाडीचे जळके ऑइल भरून काम चालवावे,’ असा सल्ला सध्या बागायतदारांच्या मोबाइलवर फिरत आहे. त्यातील दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पंप बिघडतच नाही असे नाही. पण त्याच्यावर संशय घेण्याआधी इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून बार उतरवावा. भुसा तेलात मिसळून बारच्या खाचेत आणि बुडाजवळच्या बारीक छिद्रात काळ्या लगद्यासारखा घट्ट बसतो, आणि पंप धडधाकट असूनही तेल तिथेच अडते. हा लगदा पातळ पट्टीने व तारेने खरवडून काढावा, आणि यंत्राच्या अंगावरील तेलाचे तोंडही पुसून घ्यावे. एवढ्याने भागले नाही, तर तेलाच्या टाकीतील गाळणी आणि टाकीत हवा शिरण्याचा मार्ग तपासावा. त्यानंतर बार-चेन नीट बसवून, बारचे टोक कोऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर दूर धरून यंत्र वेगात चालवावे. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली, तर पंपावर खर्च करण्याचे कारण उरत नाही.

जळक्या ऑइलमधील धातूचे कण उलट चांगला पंपही झिजवतात, शिवाय ते ऑइल चेनला पुरेसे चिकटून राहत नाही आणि अंगावर उडाल्यास कातडीला अपायकारक ठरते. पेट्रोल संपत येताना तेलाची टाकीही बरीचशी रिकामी झालेली असावी. ती भरलेलीच दिसली, तर कापणी तिथेच थांबवावी.